टायर्ड ऑफ

बायको गेल्यावर, साठी उलटून गेलेली असताना, मी इंग्रजी शिकायला लागलो. मुलगी परदेशात, जावई तिकडचाच. फोनवर त्याच्याशी माझं बोलणं पुढे सरकत नसे. पेणमध्येही क्लास होते, पण इथे सगळे ओळखतात. म्हणून रोह्याचा धरला. आयुष्यभर तिथल्या कंपनीत शिफ्ट केल्या होत्या, रस्ता पायाखालचा.

वर्गात सगळी विशी-पंचविशीतली. मॅडमही माझ्या मुलीहून लहान. एके दिवशी तिने भावनांचे शब्द घेतले होते.

‘‘आपण तुझ्यावर रागावलो म्हणतो, म्हणून अँग्री ऑन म्हणायचं नाही. माणसावर राग असेल तर अँग्री विथ.’’

मग एकेकाला वाक्य विचारू लागली. गडब गावची एक नवी नवरी म्हणाली, ‘‘आय ॲम अफ्रेड फ्रॉम माय सासू.’’

‘‘फ्रॉम नाय गो, ऑफ!’’ तिची मैत्रीण ओरडली. सगळे हसले, मीही हसलो.

माझ्या वाट्याला ‘टायर्ड’ आला.

‘‘काका, कामाने दमलात तर टायर्ड फ्रॉम. कशाचा कंटाळा आला असेल तर टायर्ड ऑफ.’’

मी उभा राहिलो. वाक्य जुळवायला वेळ लागला.

‘‘आय ॲम टायर्ड ऑफ ईटिंग अलोन.’’

कुणीच हसलं नाही. एकट्याने जेवून कंटाळलोय, हे मराठीत मी कुणाकडे बोललो नव्हतो. शेजारी ‘जेवलात का?’ विचारायचे, मी ‘व्हय’ म्हणायचो. आणि इथे ऑफ की फ्रॉम एवढ्याच काळजीत ते तोंडून निघून गेलं.

‘‘करेक्ट,’’ मॅडम हळूच म्हणाली. मग पुढच्या मुलाकडे वळली.

क्लास सुटल्यावर ती कुलूप लावत होती.

‘‘काका, तुमचं वाक्य पुढच्या बॅचला उदाहरण म्हणून सांगू?’’

‘‘सांगा की. नाव तेवढं नका सांगू.’’

‘‘मी पण इथे रूमवर एकटीच असते,’’ ती म्हणाली. मी मान हलवली. ती बाजाराच्या बाजूला वळली, मी स्टेशनकडे.

रविवारी मुलीचा फोन आला. जावयाला मी म्हटलं, ‘‘आय ॲम प्राऊड ऑफ माय डॉटर.’’ तो एवढा खूश झाला की त्याने मला ते पुन्हा म्हणायला लावलं. मागून मुलगी हसत होती.

‘‘बाबा, अजून काय काय शिकलात?’’

‘‘सध्या एवढंच,’’ मी म्हटलं.