दोडका, घोसाळं आणि रात्रपाळी

मंडळी, आज सासऱ्यांचा ओरडा खाल्ला.

शाळेत शिकवून केंदूरला घरी पोचले, तर नवऱ्याची, सोमनाथची, कंपनीची बस नुकतीच गेलेली. त्याचा टॉवेल दोरीवर अजून ओला होता. परसात आप्पा, म्हणजे माझे सासरे, वेलांच्या मांडवाखाली उभे.

"एकाच मांडवावर दोडका आन् घोसाळं? बी बिघडंल की, पोरी!"

म्हटलं, "नाही बिघडत आप्पा. दोडक्याची फुलं बघा, आत्ता सांजेला उमलतायत. घोसाळ्याची सकाळीच उमलली, आता कोमेजली पण. दोघं मूळचे एकाच वंशातले. हातानं पराग लावला तर संकरही होतो. पण आपणहून वेळ जुळत नाही, म्हणून जाती वेगळ्या राहतात."

वर्गात बोलते तशी बोलत सुटले होते.

आप्पा वेलाकडं बघत म्हणाले, "सोम्याला सांग, दिवसपाळी मागून घे म्हनावं."

मी "व्हय" म्हणाले आणि उगाच दोडके तोडायला लागले.

पण सांगू कधी? सकाळी मी निघते तेव्हा तो आलेला नसतो. आणि हे फोनवर बोलण्यासारखं नाही.

तुम्ही कधी बोलता हो, घरच्या माणसाशी?