गारी धारा

मिहीरने माझी हनुवटी धरली. अंगठा एका गालात, दोन बोटं दुसऱ्या गालात, आणि मीटिंगरूममधल्या सगळ्यांसमोर माझं तोंड उघडलं. बाजारात बैलाचे दात बघतात तसं.

"जीभ वर वळव. टाळूला लाव. हां. आता म्हण, पाणी."

सगळे हसत होते. कुणी वाईट हेतूने हसत नव्हतं, असं मला नंतर सांगण्यात आलं. मजा चालली होती म्हणे. मी त्या टीममधला सगळ्यात जुना इंजिनिअर. टेबलाच्या कडेला उभा, आणि माझं थोबाड दुसऱ्याच्या मुठीत.

हे कशावरून झालं ते आधी सांगतो.

आमची कंपनी सॉफ्टवेअर करते. काम होतं एका खासगी अँब्युलन्स सेवेचं. फोन लावला की माणूस उचलणार नाही, मशीन उचलणार. ते मराठीत विचारणार काय झालंय, कुठे झालंय, आणि ऐकून गाडी पाठवणार. मशीनला ऐकायला शिकवायचं तर माणसांचे आवाज लागतात, ढिगाने लागतात. जिल्हाभर फिरून ते गोळा करायचे ठरलं. उरणकडची गावं माझ्या वाट्याला आली, कारण मी तिकडचा. मी आगरी. भात आणि मीठ पिकवणारं आमचं गाव. आता गावाच्या तीन बाजूंना कंटेनरची गोदामं आहेत आणि चौथ्या बाजूला खाडी.

समाजमंदिरात बायका जमवल्या. सांगायचं एवढंच, की घरात कुणाला तरी लागलंय असं समजा, फोन लावा, गाडी मागवा. बायका लाजल्या, एकमेकींना कोपराने ढोसलं, मग बोलल्या. माझी आय सगळ्यात शेवटी आली. तिला नाटक येत नाही. ती माइकसमोर बसली, पदर नीट केला, आणि माझा बाप पोर्टच्या रस्त्यावर ट्रेलरखाली आला त्या दिवशी ती फोनवर जे बोलली होती तेच बोलली.

"गारी धारा ओ, बेगीन गारी धारा. आमच्या मानसाच्या पायांवशी टेलर गेलाय. रगत थांबत नाय. गारी धारा."

गाडी धाडा. आमच्या बोलीत ड चा र होतो, ण चा न होतो, ळ चा ल होतो. बस, एवढाच आमचा गुन्हा. त्या दिवशी फोनवरचा माणूस तिला विचारत राहिला, "कसल्या धारा? बाई, नीट बोला." आय तेच बोलत राहिली, आणखी मोठ्याने. मी तेव्हा बारावीला होतो. बापाचं डोकं मांडीवर घेऊन डांबरावर बसलो होतो आणि तिचा आवाज ऐकत होतो. गाडी वेळेवर आली असती तर बाप जगला असता, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. ती आली नाही, एवढं मला माहीत आहे. शेवटी आम्ही त्याला मासळीच्या टेम्पोत घातला. उरणच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा त्याचा हात माझ्या हातात थंड पडला होता.

रेकॉर्डिंग झाल्यावर आयने विचारलं, "झाला कं?" मी हो म्हटलं. ती घोटभर पाणी प्याली आणि घरी गेली.

आता मिहीर. तो आमचा लीड. चौलचा. घरची नारळी-पोफळीची वाडी, वडील प्राध्यापक. "आपण दोघं रायगडकर!" म्हणत माझ्या पाठीवर थाप मारायचा. आमच्या ऑफिसात कुणाला सर म्हणायचं नाही, नावाने हाक मारायची. सगळे सारखे. सुरुवातीला मला याचं फार अप्रूप वाटलं होतं. मग ध्यानात आलं, की नावाने सगळ्यांनाच हाक मारतात, पण उच्चार फक्त माझेच सुधारतात. क्लायंटचा कॉल असला की मिहीर मला चॅटवर लिहायचा, तू म्यूट राहा, मी बोलतो. कोड माझा, तोंड त्याचं. मी मूग गिळून बसायचो.

याची सवय मला लहानपणीच लावली होती. शाळेत मराठीच्या बाईंसमोर मी "पानी" म्हटलं म्हणून त्यांनी लाकडी पट्टी माझ्या ओठांवर मारली. पट्टीची धार लागून ओठ फुटला. "आता येईल बरोबर," त्या म्हणाल्या. तोंडात रक्ताची चव, आणि मी "पाणी" म्हटलं. वर्गाने टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून माझ्या दोन जिभा झाल्या, एक घरातली, एक बाहेरची. मुलाखतीत, बँकेत, बायकोला बघायला गेलो तेव्हासुद्धा, प्रत्येक ण आला की मी आत दचकायचो. झोपेत बडबडलो तर मात्र आगरीच बडबडतो, असं बायको सांगते.

तर मीटिंग. मिहीरने लॅपटॉप पडद्याला जोडला आणि म्हणाला, "आपल्या डेटात काय काय घाण आलीये, जरा ऐका."

स्पीकरमधून माझ्या आयचा आवाज आला. गारी धारा ओ. पडद्यावर मशीनने ते असं लिहून दाखवलं: गारा, धारा, गारा.

"या आजींनी अँब्युलन्सला नाही, वेधशाळेला फोन केलाय," मिहीर म्हणाला.

हशा. कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं, "परत लाव, परत लाव." त्याने परत लावलं. रगत थांबत नाय. पुन्हा हशा. एकीला तर हसताना ठसका लागला. माझ्या कानात गरम पाणी ओतल्यासारखं झालं. मी दोन्ही हात टेबलाखाली गुडघ्यांत दाबून धरले.

मग तो कामाचं बोलला. उरणकडचे आवाज त्याने 'नॉईज'च्या खणात टाकले होते. नॉईज म्हणजे गोंगाट. ट्रकचा हॉर्न, कुत्र्याचं भुंकणं, पंख्याची घरघर, असलं सगळं त्या खणात जातं. त्यात आता माझं गाव होतं. माझी काकी होती, शेजारची होती, माझी आय होती.

"हे सगळं कायमचं उडवायचंय," तो मला म्हणाला. "तो प्रोग्रॅम तू लिही. तुझ्याच भागातला डेटा आहे, तुला पटकन जमेल."

मी म्हटलं, "ती माझी आई आहे."

मला खरंच वाटलं, आता हा सॉरी म्हणेल. तेवढं म्हटलं असतं तर कदाचित मी तेही गिळलं असतं. पण मिहीरला गंमत सोडवेना.

"अरे वा! मग घरापासूनच सुरुवात करू. ये, उभा राहा इथे. आधी तू म्हणून दाखव."

मी उभा राहिलो. का राहिलो, ते माझं मलाच कळलेलं नाही. पट्टी खाल्लेलं पोर उभं राहतं. त्याने माझी हनुवटी धरली. जीभ वर वळव म्हणाला. मी वळवली. पाणी म्हटलं. अगदी शुद्ध.

"बघा, जमतं की! आता आईला पण शिकव."

आणि माझा जबडा धरून त्याने दोनदा गदागदा हलवला. त्यात त्याचा अंगठा घसरून माझ्या ओठांच्या आत आला.

मी चावलो.

दात मांसात गेले. हाड लागलं. तो किंचाळला, मी सोडलं नाही. दुसऱ्या हाताने त्याने माझ्या कानशिलात हाणली, एक, दोन, तीन. मी सोडलं नाही. कुणीतरी मागून माझे केस ओढले, खुर्ची कोसळली, काचेचा ग्लास फुटला. माझ्या दातांत तेव्हा सगळे होते. ती पट्टी होती. तो फोनवरचा माणूस होता. टाळ्या वाजवणारा वर्ग होता. सोडलं तेव्हा त्याचं रक्त माझ्या हनुवटीवरून शर्टात उतरत होतं. मी स्पीकर उचलला आणि पडद्यावर फेकला. पडदा फाटला. मग मी ओरडलो, आणि ऑफिसात पहिल्यांदा माझी घरातली जीभ सुटली.

"तिच्या नवऱ्याचा रगत होता तो! हसताव काय? आं? हसा ना आता!"

कुणी हसलं नाही. दोन सिक्युरिटीवाल्यांनी मला दंडाला धरून खाली नेलं. गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतलं. खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. आजही वाटतं. लोकांना माझ्याकडून पश्चात्ताप ऐकायचा असतो. माझ्याकडे तो नाही.

घरी आलो. शर्ट बघून आय उठून उभी राहिली.

"कोनाचा रगत?"

"सायबाचा. चावलो त्याला."

तिने आधी माझं तोंड उघडून माझे दात बघितले. मग खाली बसली. मी सगळं सांगितलं. हसण्याचंही सांगितलं, लपवलं नाही. ती रडेल असं वाटलं होतं. ती रडली नाही.

"माज्या बोलन्याला हसली?"

"हो."

"आनि आता पुसून टाकतान?"

"हो."

मग म्हणाली, "तुला कलतय. गावाला कलतय. तुज्या बापाला जलमभर कलला. त्या मशीनला कलत नाय, तं मशीन येरा हाय."

येरा म्हणजे वेडा. माझ्या अख्ख्या शिक्षणात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मशीनला समजलं नाही की चूक बोलणाऱ्याची, हेच मी शिकलो होतो आणि त्यावरच पगार घेत होतो.

सोमवारी कंपनीने बोलावलं. एचआरच्या बाई, एक वकील, आणि अंगठ्याला बँडेज बांधलेला मिहीर. बाई गोड बोलल्या. समोर माफीपत्र टाइप करून ठेवलं होतं. सही करायची. संवादकौशल्याच्या वर्गाला जायचं. आणि तो पुसण्याचा प्रोग्रॅम लिहून द्यायचा. एवढं केलं तर पोलिसांत जाणार नाही, नोकरीही राहील.

"त्याने माझं तोंड धरलं, त्याचं काय?" मी विचारलं.

"ते खेळीमेळीत होतं. सगळ्यांनी तसंच सांगितलंय."

"आणि आमचे आवाज?"

उत्तर मिहीरने दिलं. अगदी समजुतीने, थोरल्या भावासारखं. "अरे, बाकी सगळ्यांचं नीट चालतंय. तुमच्या लोकांचं दुसऱ्या टप्प्यात बघू ना."

दुसरा टप्पा. ज्याचं रक्त वाहतंय त्याने रस्त्यावर पडून दुसऱ्या टप्प्याची वाट बघायची. तोवर मशीन अदबीने सांगणार, क्षमा करा, आपलं बोलणं समजलं नाही, आणि लाइन तोडणार. हे मी कल्पनेने सांगत नाही. तीनदा समजलं नाही तर फोन ठेवायचा, ही ओळ त्या कोडात आहे. मी ती आधीच्या एका मीटिंगमध्ये बदलायला सांगितली होती, मिहीरने ती पुढे ढकलली होती.

मी माफीपत्र त्यांच्याकडे सरकवलं.

"नाय," मी म्हटलं.

"म्हणजे?" बाई म्हणाल्या.

"नाय म्हंजे नाय."

मग वकिलाने तोंड उघडलं. नोकरीला लागताना मी एक कागद सही करून दिला होता, इथल्या कामाबद्दल बाहेर अवाक्षर काढणार नाही म्हणून. त्याची त्याने आठवण करून दिली. एक शब्द बाहेर गेला तर कोर्टात खेचू. मिहीर खिडकीबाहेर बघत होता.

नोकरी गेली. पोलिसांत तक्रार झाली. ठाण्यात मी जबाब दिला, चावलो म्हणून सांगितलं, का चावलो तेही सांगितलं. हवालदाराने फक्त पहिलं लिहून घेतलं. मी सही केली नाही. दुसरं लिहीपर्यंत बाकावर बसून राहिलो. शेवटी वैतागून त्याने लिहिलं. आमचे आवाज त्याच आठवड्यात पुसले गेले, टीममधल्याच एकाने फोन करून सांगितलं. मी नकार दिला म्हणून ते थांबलं नाही, दुसऱ्या कुणीतरी बटण दाबलं. याचं दुःख मला बापाच्या मरणाइतकं झालं. आय ते वाक्य पुन्हा कधी बोलणार नाही, आणि मी तिला बोलायला सांगणारही नाही.

ते मशीन आता सुरू होईल. जागोजागी नंबरचे बोर्ड लागतील. मी गावोगाव जायला लागलोय. समाजमंदिरात, मच्छी सोसायटीत, रिक्षा स्टँडवर, जिथे चार माणसं उभी दिसतील तिथे. सांगतो, हा नंबर लावून वाट बघत बसू नका. हे मशीन तुमचं ऐकत नाही, आणि तुमचं ऐकायचं नाही असं माणसांनी ठरवलंय. कोणत्या खोलीत ठरवलं, काय बोलून ठरवलं, तेही सांगतो.

म्हणजे करार मोडला. हे लिहिलं तेव्हाही मोडला. वकिलाची नोटीस येईल, येऊ दे. खटला भरा. मी पिंजऱ्यात उभा राहीन आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत आगरीत बोलेन. एकही ण नीट करणार नाही, एकही ळ नाही. कुणाला कळलं नाही तर दुभाष्या तुम्ही आणा.