खडंज्याचा चढ

दिल्लीत सायकलवर चढ शिकायचा तर उड्डाणपूलच लागतो. मी पाच वर्षं तसाच शिकले. पहाटे लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधून निघायचं, एकच पूल दहादा चढायचा आणि ट्रॅफिक वाढायच्या आत परत यायचं. डांबर गुळगुळीत, चढ लहान. सीटवरून उठून जोर लावला की संपतो.

दिल्लीच्या ज्युनिअर संघाची निवड फरीदाबादच्या पुढे, अरवलीतल्या एका गावात होणार होती. पहिल्या तिघी संघात. वयामुळे माझी ती शेवटची संधी होती.

आदल्या दिवशी आमच्या प्रशिक्षक सरांनी आम्हाला रस्ता दाखवायला नेलं. गावातून वरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत खडंजा, म्हणजे फरसबंदी रस्ता, होता. खडंजा सहसा विटांचा असतो. हा ओबडधोबड दगडांचा होता. दोन दगडांमध्ये बोट जाईल एवढी फट. प्रत्येक फेरीत आधी सपाट डांबर, मग हा चढ. अशा सहा फेऱ्या.

"हवा कम रखना," सर म्हणाले. "सत्तर. और खड़े मत होना, बैठ के चढ़ना." कडक टायर दगडावर उसळतो, मऊ टायर दगड धरून ठेवतो. घरी आल्यावर मी दोन्ही चाकं सत्तरवर आणली, पंपाचा काटा दोनदा पाहिला आणि झोपले.

बाबांना सांगितलं नाही. मी तेरा वर्षांची असल्यापासून हवेचं काम त्यांचं. ते केंद्र सरकारच्या नोकरीत होते आणि हवाही फाइलसारखी पाहायचे. माझ्याआधी उठायचे, पंप लावायचे, काटा शंभरवर आणायचे आणि मग चहा ठेवायचे. त्यावर आमच्यात कधी बोलणं होत नसे. शर्यतीच्या सकाळीही झालं नाही. चाकं काढून त्यांनीच गाडीत ठेवली.

शर्यत सुरू होण्याआधी मी टायर दाबून पाहिला नाही. हवा मीच ठरवली होती, मग कशाला पाहायचं?

डांबरावर सायकल छान पळत होती. खडंजा सुरू झाला आणि पुढचं चाक उडायला लागलं. बसून चढले तर हँडल हातात राहीना, उठले तर मागचं चाक जागच्या जागी फिरे. शेजारची मुलगी तोच चढ जड पण सरळ रेषेत चढत होती.

"अरे, सीधी चला ना यार!" ती ओरडली. "नाच रही है क्या?"

वळणावर एक म्हातारा खाट टाकून बसला होता. दुसऱ्या फेरीत त्याने मला नीट पाहून घेतलं. "बेटा, पैदल चल ले, जल्दी पहुँचेगी."

तिसऱ्या फेरीत चढावर मान खाली घालून मी टायर पाहिला. दगडावरही तो जराही दबत नव्हता. घरात त्या पंपाला हात लावणारं दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे शोध घ्यायची गरज पडली नाही. तेव्हाच थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. पुढच्या गटातल्या पाच जणी अजून दिसत होत्या आणि थांबलं तर त्या जातील असं वाटलं. त्या तशाही गेल्या. चौथ्या फेरीत चढाच्या पायथ्याशी उतरले, दोन्ही चाकांची हवा अंदाजाने सोडली आणि पुन्हा चढले.

आता सायकल दगडावर बसली. शेवटच्या तीन चढांत मी दोघींना मागे टाकलं. तिसरी मुलगी टाकीजवळ माझ्यापुढे होती. तिच्या जर्सीवरचा नंबर वाचता येत होता. मी चौथी आले.

बाबा पाण्याची बाटली घेऊन उभे होते. "पंक्चर होतं का गं?"

"नाही. हवा जास्त होती."

"जास्त कशी? शंभर तर होती." त्यांनी पुढच्या टायरवर अंगठा दाबून पाहिला. "सकाळी काटा सत्तर दाखवत होता. म्हटलं, गळली असेल."

"सरांनी सत्तर सांगितली होती, बाबा."

"अच्छा," ते म्हणाले.

मग त्यांनी गाडीतून पॅड काढलं आणि बॉनेटवर ठेवून अर्ज लिहिला. इंग्रजीत, विषयाची ओळ टाकून, परिच्छेदांना क्रमांक देऊन. पालकाच्या चुकीमुळे खेळाडूचं नुकसान झालं आहे, तरी पुनर्विचार व्हावा. खाली सही. पंचांनी तो उभ्यानेच वाचला. वरिष्ठ माणसाने लिहिलेला कागद परत कसा द्यायचा, हे त्यांना कळत नव्हतं.

"सर, इसमें हम क्या करें? चौथी तो चौथी है."

"आप रिकॉर्ड पे रख लीजिए," बाबा म्हणाले.

देण्याआधी त्यांनी तो मला, काही सुधारायचं असेल तर म्हणून पेनासकट, वाचायला दिला होता. मजकूर नेमका होता. सत्तर आणि शंभर हे आकडे बरोबर होते, वेळही बरोबर होती. आदल्या संध्याकाळी बाबा शेजारच्या खोलीत होते आणि मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं, हे त्यात कुठेही नव्हतं. पेन माझ्या हातात होतं. "ठीक आहे," म्हणून मी कागद परत दिला.