फौजीमामांची दुसरी हयाती

पेडगावात नवी नवरी म्हणून आले तेव्हा आठवडी बाजाराला निघालेलं एक जोडपं पाहून मी तोंडाला पदर लावून हसले होते. बायको पुढे, मोकळ्या हातांनी. आणि तिच्या मागे विटका खाकी कोट घातलेला एक उंच माणूस, डोक्यावर टोपली घेऊन. निजामी संपून जेमतेम दोन वर्षं झाली होती. त्या काळी नवरा पुढे आणि बायको मागे, हीच रीत. माझे यजमान गावच्या शाळेत मास्तर, पण तेही मला मागे टाकून असे झपाझप जायचे, की मी वाटेत हरवले असते तरी त्यांना घरी चहा मागताना कळलं असतं. शेजारच्या काकूंनी मला दटावलं. म्हणाल्या, "हसू नको गं. फौजी हाय त्यो. मरून आलाय."

या मरून आलेल्या माणसाचं नाव मारोती. घर आमच्या समोरच, धनगराचं. मेंढरं आणि थोडी शेती. गाव त्यांना फौजी म्हणे, मी मामा म्हणायला लागले. तरुणपणी ते निजामाच्या पलटणीत होते. महायुद्धात पलटण मलायात गेली आणि जपान्यांच्या कैदेत सापडली. बायको रखमाबाई तेव्हा पोटुशी. वर्षं गेली, काही कळेना. मग तिकडून वाचून आलेल्या एका शिपायानं सांगितलं, त्या पलटणीतलं कुणी उरलं नाही. भावकी बसली. पळसाच्या पानांचा पुतळा करून थोरल्या भावानं त्याला अग्नी दिला, दिवस घातले, रखमाबाईंच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. कुणाच्या मनात पाप नव्हतं. परमुलखात मेलेल्या भावाला गती मिळावी, एवढंच त्यांना हवं होतं.

लढाई संपली आणि एक दिवस मारोतीमामा चालत दारात आले. अंगणात एक पोरगं खेळत होतं. मामांनी विचारलं, "कुणाचा रे तू?"

"मारोती फौजीचा. पर त्यो मेलाय," असं म्हणून पोरगं पुन्हा खेळायला लागलं. तो म्हादू, त्यांचा मुलगा.

एकदा दिवस घातलेला माणूस तसाच घरात घेता येत नाही. जोशीबुवांनी सांगितलं, यांचा नव्यानं जन्म झाला पाहिजे आणि याच बायकोशी नव्यानं लग्न. न्हाऊ घातलं, बारसं केलं. पाळण्यात घातलं नाही हे पाळण्याचं नशीब. हे सगळं मामा स्वतःच खुलवून सांगत. "जोशीबुवा मनले, नाव काय ठिवू? म्या मनलं, जुनंच ठिवा बाबा, रखमीला नवं पाठ व्हायचं न्हाई." मग हळद लागली, रखमाबाईंच्या कपाळी पुन्हा कुंकू आलं, आणि म्हादू आपल्या आईबापाच्या लग्नात पोटभर जेवला.

त्यानंतर मामांनी घर एवढं एकच धरलं. बायकोसाठी विहिरीचं पाणी तेच आणत. पुढे मुलगी झाली, गोदी, तर भर ओट्यावर बसून तिची वेणी घालत. गावातली टवाळ पोरं खिदळायची, "फौजी, बंदूक कुटं गेली?" मामा शांतपणे म्हणत, "पहिली हयाती फौजेनं नेली. ही दुसरी हाय, ही घरची." कुठलाही वाद ते याच वाक्यावर मिटवत. मी एकदा धीर करून विचारलं, बाजाराला तुम्ही मागे का चालता? म्हणाले, "मास्तरीणबाई, फौजेत जाताना ठेसनापत्तुर म्या पुढं चाललो, रखमी मागं. एकदाबी वळून बगितलं न्हाई. कैदेत लय याद केली, पर तिचं तोंड येईचना डोळ्याम्होरं. आता नजरंसमूर असू द्या." मला हसल्याची लाज वाटली, आणि यजमानांचा रागही आला.

पुढे म्हादू वयात आला आणि एक दिवस म्हणाला, "बा, मी फौजेत जायलोय." गावाला वाटलं, फौजीची छाती फुगेल. मामा मात्र काळवंडले. दोन घास जेवून उठायला लागले. पोरगा चिडून म्हणाला, "तुमी गेलताच की!" त्यावर मामा एवढंच बोलले, "मला इचारू नको. जाणाऱ्यानं काय भोगलं ते मला ठावं हाय. मागं ऱ्हायल्यालीनं काय भोगलं, ते तुज्या मायला इचार."

 रखमाबाई माझ्याकडे येऊन बसत, शेंगा फोडत, उठून जात. शेवटी एकदा म्हणाल्या, "जाऊ द्यावं वाटतंय त्याला. पर आता पुन्ना कुणी येऊन कायबी सांगितलं, तर पुन्ना तसंच करतेल का वो समदे?" 

म्हादू निघाला त्या दिवशी पेडगावच्या स्टेशनवर सगळी भावकी हार घेऊन आली होती. थोरले भाऊही होते, पुतळ्याला अग्नी देणारे. त्यांच्यासमोर रखमाबाई कधी तोंड उघडत नसत. त्यांनी पदर पुढे ओढला आणि मामांना म्हणाल्या, "सांगा."

मामा ताठ उभे राहिले. "म्हादू, तुजं कायबी कळंना झालं, कुणी येऊन तू गेला मनून सांगितलं, तरी आमी तुजे दिवस घालणार न्हाई. कितीबी वर्सं होऊ दे. मी हाय तवर मी वाट बगीन, माज्या मागं तुजी माय. तू कवाबी ये. घरात तू जिताच असशील."

 थोरले भाऊ खाली बघत होते. मग म्हणाले, "आमचं चुकलं व्हतं, मारोती."

इतक्या वर्षांत हे कुणी बोललं नव्हतं. मामांच्या डोळ्यांना धार लागली. "न्हाई दादा. तुमी भावाचं केलं. मी पोराचं करायलोय."

गाडीनं शिटी दिली. थोरल्या भावांनी म्हादूच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जा लेकरा. ह्या खेपेला आमीबी वाट बगू."