निसटणारी मूठ

लहानथोर असा भेद न करता सगळ्यांवर सारखाच रागावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. पलटणीत ते मोटारसायकलवरून टपाल पोचवत. पेन्शन घेऊन कराडजवळच्या आपल्या गावी परतले, ते मोटारसायकल आणि राग दोन्ही घेऊनच. एका वरातीत बँडवाल्यांची पावलं जुळेनात, तर मामांनी नवरदेवाला घोड्यावर ताटकळत ठेवून बँडची कवायत घेतली. रेडिओवरची बाई बातम्या रडत सांगते म्हणून रेडिओचं तोंड भिंतीकडे फिरवून टाकलं. मामी एवढंच म्हणाल्या, "बरं झालं, माजं न्हाई फिरवलं."

पण वयाच्या पंचाहत्तरीच्या आसपास त्यांना खरा वैरी भेटला. मोटारसायकलची उजवी मूठ, रेस द्यायची. "हातात ठरतच न्हाई, निसटती," असं म्हणत ते उठल्यासुटल्या ती खोलत. रबराखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालून झाला, पंक्चरचं सोल्युशन ओतून झालं, वरून सुतळी आवळून झाली. मी सांगलीहून कोरं रबर नेलं, तर ते हुंगून म्हणाले, "आवं जावईबापू, ह्यात दम न्हाई." माझे रविवार त्यांच्या हातात पाने देण्यात जात होते आणि वर शिव्याही मलाच. त्या मुठीपेक्षा मामांचाच मला भयंकर संताप येई.

हा सगळा आटापिटा दसऱ्यासाठी होता. दर दसऱ्याला पाटणला जाऊन धाकट्या बहिणीला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सोनं द्यायचं आणि तेही मोटारसायकलवरूनच, हा त्यांचा नेम. मी एकदा एस्टीचं नाव काढलं तर अंगावर धावून आले. "भाऊ यष्टीतनं उतरला की भन वळखती, भाऊ थकला. मग ती घोर करत बसती. तुमाला काय कळतंय त्यातलं?"

त्या दसऱ्याला दुपारी आपट्याची पानं खिशात घालून मामांनी गाडी सुरू केली. गाडी फाटकापर्यंत गेली, आचके दिले आणि बंद पडली. "निसटली!" मामा गरजले. मी म्हणालो, "मग उचला पाना, आवळा!" त्यांनी घराकडे बोट दाखवलं. पाने आदल्या दिवशी, खंडेनवमीला, हळदकुंकू लावून देवापुढे मांडलेले. "शिलंगण झाल्याबिगर हत्याराला हात लावायचा न्हाई!"

माझं डोकंच फिरलं. "मग बसा मागं! मी चालवतो." जन्मात कोणाच्या मागे न बसलेला तो माणूस दात-ओठ खात मागे बसला.

गाव मागे पडलं आणि माझ्या ध्यानात आलं की मूठ घट्ट आहे. पिळावी तेवढी पिळत होती, सोडावी तशी परत येत होती. रबर तसूभर हलत नव्हतं. इतके रविवार फुकट घालवले म्हणून मी मामांना चार शब्द सुनवायला तोंड उघडलं, तेवढ्यात खड्डा आला. माझ्या खांद्यावरचा त्यांचा उजवा हात घसरून खाली गेला. त्यांनी तो डाव्या हाताने उचलून पुन्हा खांद्यावर ठेवला. पुढच्या खड्ड्याला पुन्हा तेच. त्या बोटांत काही उरलं नव्हतं. मी तोंड मिटलं. राग गेला नव्हता, पण तो आता कोणावर काढावा हेच कळेना. पाटणपर्यंत मी मागे वळून पाहिलं नाही.

सासूबाई ओवाळणीचं ताट घेऊन दारातच उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला. "दादा, तू मागं बसून आलास व्हय रं?"

मामांनी उजवा हात पाठीमागे लपवला.

"मूठ, आई!" मीच ओरडलो. "लय वंगाळ मूठ हाय. माज्या हातात बी ठरंना. कशीबशी आणली गाडी."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मग छाती पुढे काढून म्हणाले, "मंग! सांगत हुतो का न्हाई?"

सासूबाई हसल्या आणि ताट पुढे केलं. मामांनी डाव्या हाताने सोनं दिलं. आणि मामांच्याच थाटात मीही त्या बिचाऱ्या मुठीला मनापासून एक सणसणीत शिवी हासडली.