डेपोबाबूंचा डबा

"हा चंद्रावर जाऊन आला, बाबूजी. मागं रॉकेटवाल्याची सही हाय."

मी दारातच थबकले. बल्लारपूरच्या लाकूड डेपोत डेपोबाबूंसमोर नागपूरचा, जुनी टपाल तिकिटं विकणारा एक माणूस बसला होता. टेबलावर रुपयाएवढी पंचकोनी चकती होती. पण मला धक्का बसला तो तिच्याशेजारचा पत्र्याचा डबा पाहून. त्या डब्याला बाबूजी कुणाला हात लावू देत नसत.

डब्यात विमानातून आलेली, वैमानिकांच्या सह्यांची पाकिटं होती. कडुनिंबाच्या पाल्यात जपलेली, वीस वर्षांची. सहीसाठी बाबूजी देशोदेशी पत्रं पाठवत. माझे वडील तिथले रेंजर, आणि मी नागपूरच्या इंग्रजी शाळेत. म्हणून सुट्टीत ती पत्रं मी लिहायची. "बाई, अशी इंग्रजी लिव्ह का सही केल्याबिगर त्याले जेवणच जाऊ नये." मी मान खाली घालून लिहीत राहायची.

शिपाई चिडवायचा, "बाबूजीले लेकरं नाईत, पाकिटं हायेत."

"पाकिटं उलटून बोलत नाईत," बाबूजी म्हणायचे.

जंगलातून निघताना सागाच्या ओंडक्यावर हातोड्याचा एक शिक्का बसे, नाक्यावर दुसरा. एक जरी नसला तरी बाबूजी माल सोडत नसत. एकदा बहिणीच्या घराच्या चौकटीसाठी मेहुण्यानं आणलेली सागवानाची बैलबंडी त्यांनी अडवली. "निंगाल्याचा शिक्का हाय. नाक्यावरचा कुठी हाय?" बहीण दोन वर्षं राखीला आली नाही. पाकिटांनाही तोच न्याय: पाठीवर पोचल्याचा टपाली शिक्का नसेल, तर सही कितीही मोठ्या माणसाची असो, पाकीट परत. बाबूजी जाऊन आता किती वर्षं झाली, पण अजूनही हाती कागद आला की मी आधी त्याची पाठ बघते.

तो माणूस आला त्याच वर्षी, पावसाळ्यात, रशियाचं रॉकेट चंद्रावर आदळलं होतं. शाळेत सिस्टरनं बातमी वाचून दाखवली होती. आत रशियाची खूण असलेल्या धातूच्या चकत्या होत्या, आणि सगळं तिथंच राहिलं. परत काहीच आलं नव्हतं.

आणि हेच बाबूजी, सख्ख्या मेहुण्याची बंडी अडवणारे, त्या चकतीवरून बोट फिरवत होते. 

"बदल्यात सारा डबा लागंल," तो माणूस म्हणाला.

"घेऊन जा."

माझा कानांवर विश्वास बसेना. बाबूजींनी वर पाहिलं. "बाई, पाह्य! चंद्रावरची!" त्यांचा चेहरा इतका उजळला होता की सिस्टरनं वाचलेली बातमी सांगणं माझ्या जिवावर आलं. तोवर त्या माणसानं डब्याला सुतळी गुंडाळली, गाठ मारली, डबा काखेत घेतला आणि तो उठला.

मी दार अडवून उभी राहिले. शाळेत जी बोली बोलले की छडी बसायची, ती तोंडातून बाहेर पडली.

"बाबूजी, निंगाल्याची सही हाय. परत आल्याचा शिक्का कुठी हाय?"