परत आलेला रुमाल

डांबरगोळ्यांचा वास आला आणि मी मनाने थेट मुलुंडच्या त्या जुन्या थिएटरात जाऊन बसले, मॅटिनीला. आई गेली तेव्हा त्या वेळी गावी असलेल्या धाकट्या बहिणीने मला उशिरा कळवलं, आईचं शेवटचं तोंड दिसलं नाही, म्हणून मी वर्षभर तिच्याशी बोलत नव्हते. अशी मी मानी, म्हणजे मूर्ख. पडद्यावरच्या आईने मात्र आपल्या मुलाला गाडीखाली चिरडणाऱ्याला समोर बसवून जेवायला वाढलं. वाढताना भात ताटाबाहेर सांडत होता. त्या बाईच्या मोठ्या मनाला दाद देत मी ढसाढसा रडत होते, तेवढ्यात मागच्या रांगेतून नाक ओढल्याचा ओळखीचा आवाज आला. रुमाल न घेता सिनेमाला येणारी आमच्या घरात एकच. वळून न बघता मी माझा रुमाल खांद्यावरून मागे धरला, तो गपकन ओढला गेला. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "ताई, काय सिनेमा होता गं!" मी म्हटलं, "रुमाल धुऊन परत दे." माझं माफ करणं ते एवढंच! पुढे दर भेटीत मी विचारायचे, "रुमाल?" आणि ती हसायची, "विसरले गं. आता पुन्हा यायला लागणार ना!" आज सकाळी तिच्या मुलीने, तिच्या माघारी तिचं कपाट रिकामं करताना सापडलेला तो रुमाल आणून दिला, धुतलेला, इस्त्रीची घडी घातलेला, डांबरगोळ्यांचा वास लागलेला. मी म्हटलं, "ठेव गं तुझ्याकडेच. परत घेतला तर ती कशाला येईल?"